कुंभार्ली उतरल्यावर थरथरणारी स्विफ्ट: पुढची टकटक आणि ब्रेकची झीज कशी शोधायची

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. २००९ ची पेट्रोल स्विफ्ट, १,१८,००० किलोमीटर झालेले. नोकरी चिपळूणला, माहेर कराडला, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा कुंभार्ली घाट ठरलेला. तक्रारी चार. खराब रस्त्यावर पुढून डावीकडून टकटक येते. ब्रेक दाबला की एकदाच ‘टक’ होतं आणि गाडी जराशी डावीकडे जाते. घाट उतरून खाली आलं की ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. आणि पुढचा डावा टायर आतल्या कडेने गुळगुळीत झालाय. गॅरेजने दोन्ही शॉकअप (धक्के झेलणाऱ्या नळ्या), दोन्ही लोअर आर्म (चाक खालून धरून ठेवणारे हात), रॅक (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा भाग), दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) आणि पॅड (त्या चकत्यांवर दाबले जाणारे तुकडे) मिळून ३८,००० चा अंदाज दिला. तुमचा प्रश्न असा, की हे सगळं खरंच गेलं असेल का, की आता गाडीच काढून टाकावी.

गाडी काढू नका. आणि अंदाजातल्या सगळ्या वस्तू गेल्या असतील असंही मला वाटत नाही.

शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीत, की जुलै २०२१ च्या पुरात गाडी दारातच निम्म्या चाकापर्यंत पाण्यात होती, इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून वाचली. मला सगळ्यात महत्त्वाची ती ओळ वाटली. त्या वर्षी चिपळूण-खेडच्या बऱ्याच गाड्या माझ्याकडे आल्या. इंजिन वाचलं म्हणून मालक निश्चिंत असायचे आणि चाकं कोणी उघडलेली नसायची. वाशिष्ठीच्या पुराचा गाळ पिठासारखा बारीक. तो कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिनांच्या रबरात, मागच्या ड्रममध्ये (मागच्या चाकांच्या डब्यासारख्या ब्रेकमध्ये), हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) सीलपाशी जाऊन बसतो. त्या महिन्यात काहीच जाणवत नाही. वर्ष-दोन वर्षांनी पिना गंजून जाम होतात, आणि तोवर पुराची गोष्ट सगळे विसरलेले असतात.

शोधायला लागण्याआधी एक सांगतो. ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय या गाडीने कुंभार्ली उतरू नका. गावातल्या गावात, हळू, चालेल. पण पेडल पूर्वीपेक्षा खाली जात असेल, मऊ लागत असेल, किंवा खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग हातातून झटका देऊन सुटल्यासारखं वाटत असेल, तर गावातही नको. गाडी उचलून न्यायला सांगा.

तुमच्या गॅरेजवाल्यांनी आवाज ऐकून यादी केली असावी. आमच्या धंद्यात हे फार चालतं. पुढून टकटक म्हटलं की शॉकअप, ओढते म्हटलं की लोअर आर्म, थरथरते म्हटलं की डिस्क. सगळं बदललं की आवाज जातो, त्यामुळे कोणी हिशोब विचारत नाही. पण चार तक्रारींची कारणं दोन असू शकतात, आणि तुमच्या बाबतीत मला तसाच संशय आहे: डाव्या लोअर आर्मचा बुश (आर्म गाडीला जोडतो तिथला रबरी सांधा) फाटलाय आणि उजव्या कॅलिपरच्या पिना जाम आहेत. गाडी मी पाहिलेली नाही, म्हणून हा संशयच समजा. तो खरा की खोटा हे कसं ठरवायचं ते सांगतो. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः पाहू शकता, उरलेलं मिस्त्रीकडे उभं राहून करून घेता येईल.

आधी आवाज कधी येतो ते बघा. कुठून येतो याच्या मागे लागू नका, कारण गाडीच्या पत्र्यातून आवाज फिरतो; डावीकडचा वाटणारा आवाज उजवीकडून आलेला मी पुष्कळदा पाहिलाय. ‘कधी’ मात्र फसवत नाही. लहान लहान खाचखळग्यांवर, पेव्हर ब्लॉकवर, हळू जाताना पटापट टकटक होत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यायचा. हा हातभर लांबीचाही नसलेला दांडा, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारे सांधे), आणि पुढच्या सगळ्या सामानात स्वस्त. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की बॉनेटच्या कोपऱ्यातून ‘टण्ण’ करून स्प्रिंग उडी मारल्यासारखा आवाज आला, तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी जागेवरून पुढे काढताना ‘कटकटकट’ झालं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. ब्रेक दाबल्यावर एकदा टक, सोडल्यावर पुन्हा एकदा टक, आणि मध्ये शांतता, असं असेल तर लोअर आर्मचा बुश. तुम्ही जे वर्णन केलंय ते या शेवटच्याशी जुळतं.

एक युक्ती लगेच करून बघा. टकटक येते त्या रस्त्यावर, साधारण वीसच्या वेगात, ब्रेक अगदी हलका, पायाचं नुसतं वजन टेकवल्यासारखा दाबून धरा. टकटक थांबली, तर ती सस्पेन्शनची नाहीच. कॅलिपर किंवा पॅड आपल्या जागेत ढिले होऊन वाजताहेत. या एका चाचणीने कित्येकांचे शॉकअप वाचलेत. आवाज तसाच राहिला, तर गाडीच्या खालच्या भागाकडे वळायचं.

आता ओढण्याबद्दल. ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे जाते म्हटलं की लोक डावं चाक उघडतात. पण गाडी डावीकडे जाते याचा पहिला अर्थ डावं चाक नीट धरतंय आणि उजवं धरत नाही. दुसरी शक्यता अशी, की दोन्ही ब्रेक सारखेच आहेत, पण डाव्या आर्मचा बुश फाटल्यामुळे ब्रेक लागताच डावं चाक बोटभर मागे सरकतं, त्याची दिशा बदलते आणि ते गाडीला घेऊन जातं. लक्षण एक, कारणं दोन, आणि खर्च अगदी वेगळा.

यांचा निवाडा उष्णता करते. सकाळी लवकर, सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगातून आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावून गाडी थांबवा. मागे कोणी नाही ना बघून. मग बाजूला घेऊन उभी करा आणि लगेच दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. रिमच्या फटीसमोर चार बोटांवर हात धरला की आच कळते. मिस्त्रीकडे लांबून तापमान मोजायची बंदूक असेल तर उत्तम. डावीकडे चांगली आच आणि उजवीकडे कोमट, असं आलं तर उजवा कॅलिपर आळशी झालाय. दोन्हीकडे सारखी आच आणि तरी गाडी ओढतेच, तर आर्मचा बुश. आणि ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवूनसुद्धा एक चाक गरम येत असेल, तर ते चाक ब्रेक सोडतच नाहीये.

हे सोडत नसलेलं चाक मिळालं तर मिस्त्रीला एक करायला सांगा. चाक वर उचलून, ब्रेक दाबून सोडायचा, चाक हाताने जड फिरतंय याची खात्री करायची आणि कॅलिपरवरचा हवा काढायचा निप्पल ढिला करायचा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकलेला आहे; बहुधा रबरी होज (ब्रेकच्या तेलाची नळी) आतून सुजलाय. बाहेरून असा होज अगदी नवा दिसतो. पेडलच्या जोराने तेल पुढे जातं, परत यायला वाट राहत नाही. निप्पल उघडूनही चाक जडच राहिलं, तर पिस्टन किंवा पिना जाम. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने कॅलिपर बदलायचा की शे-पाचशेचा होज, हे ठरतं.

पिनांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या गाडीचं दुखणं तिथे असेल असं माझं मन सांगतं, आणि कारण हे काम नव्वद टक्के ठिकाणी चुकीचं होताना मी पाहतो.

स्विफ्टचा कॅलिपर सरकता आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना सरकल्या नाहीत की बाहेरचा पॅड नुसता शोभेला राहतो आणि आतला एकटा झिजतो. चाक काढलं की समोर दिसतो तो बाहेरचाच. मिस्त्री वाकून बघतो, म्हणतो, “पॅड अजून निम्मे आहेत,” आणि चाक परत चढवतो. आत मात्र दुसरा पॅड पत्र्यावर आलेला असतो. म्हणून दोन्ही पॅड बाहेर काढून शेजारी ठेवल्याशिवाय पॅडबद्दल कोणाचंही मत ऐकू नका. जाडी पत्रा सोडून मोजायची. मसाला, म्हणजे पत्र्यावरचा घासला जाणारा थर, तीन मिलिमीटरवर आला की बदलायचे. आतला फार झिजला आणि बाहेरचा भरलेला, तर दोन्ही पिना जाम. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा, तर एक पिन जाम.

पिन ओढून काढली की ती बोलते. चांगली पिन बोटाने दाबली की मऊपणे आत जाते आणि हवेच्या दाबाने किंचित मागे येते. खराब पिन पक्कडीने पिळून काढावी लागते, आणि वर तपकिरी, डांबरासारखा थर असतो. पुरातल्या गाड्यांना त्या थरात गाळ हाताला कचकचतो. पिन बारीक घासून स्वच्छ करायची, खड्डे पडले असतील तर बदलायची. ती जिच्यात बसते ते भोकही साफ करायचं; नुसती पिन पुसून उपयोग नाही. मग ग्रीस. इथेच चूक होते. साधं, चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस लावलं जातं, कारण डबा तोच हाताशी असतो. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं. फुगलेला बूट पिनेला आवळून धरतो आणि तीन-चार महिन्यांत पिन पुन्हा जाम. मालक म्हणतो, “आत्ताच तर सर्व्हिस केली होती.” इथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं. छोटी पुडी मिळते, पिना-बुटांच्या किटसोबतही येते. किट स्वस्त आहे. पूर्ण कॅलिपर बदलायची वेळ पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील तरच येते.

पिस्टन मागे दाबतानाही एक पाहून घ्या. त्याच्याभोवतीचा रबरी बूट फाटलेला असेल, तर आत पाणी गेलेलंच आहे. तो तसाच ठेवून नवे पॅड घालणं म्हणजे काम परत ओढवून घेणं.

आता थरथर. “डिस्क वाकलीय” असं सगळे म्हणतात, मीही बरीच वर्षं म्हणायचो. ओतीव लोखंडाची डिस्क घाटात अशी सहजी वाकत नाही. होतं असं, की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. पंधरा-वीस मायक्रॉनचा फरक पुरतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. जाड भाग पॅडमधून गेला की पॅड ढकलला जातो, पातळ गेला की सैल पडतो, आणि ते स्टिअरिंगमध्ये येतं. स्टिअरिंग थरथरलं तर दोष पुढे. सीट किंवा नुसतं पेडल थरथरलं तर मागचे ड्रम बघायचे.

हा फरक येतो कुठून, हे तुमच्या रस्त्यावरच दाखवतो. घाट उतरून तुम्ही पोफळीत येता. डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात नसली तरी भरपूर तापलेली असते. चहाला थांबता, उतारावर गाडी उभी, पाय ब्रेकवर दाबून फोनवर बोलता किंवा कोणाची वाट बघता. त्या मिनिटभरात तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर एकाच जागी छापला जातो. पॅडच्या आकाराचा काळपट-निळसर डाग काही वेळा डोळ्यांनाही दिसतो. त्या जागेचं घर्षण वेगळं, ती अजून तापते, अजून बिघडते. त्यामुळे पायथ्याला आल्यावर लगेच थांबू नका. सपाटीला एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता हळू चालवा, वारा लागू द्या. थांबलात तर गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा, ब्रेकवरचा पाय काढा. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा. इंजिन ओरडतं म्हणून तिसरा टाकायचा मोह होतो, पण ते ओरडणं इंजिनाला मानवतं, ब्रेकला सततचं दाबणं मानवत नाही. ब्रेक लावायचा तो ठासून, थोडा वेळ, आणि मग पूर्ण सोडायचा.

डिस्क बदलायची की नाही हे मोजून ठरतं. कमीत कमी जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, गंजाखाली लपलेला. तारेच्या ब्रशने घासलं की दिसतो. मोजायला मायक्रोमीटर हवा. व्हर्नियरने मोजलं तर तो डिस्कच्या कडेला राहिलेल्या न झिजलेल्या ओठावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. या ओठामुळे संपलेली डिस्क चांगली ठरवलेली मी पाहिली आहे. चार-सहा ठिकाणी मोजायचं. जाडी मर्यादेच्या वर असेल तर डिस्क काढून हबचा चेहरा साफ करायचा. स्विफ्टची डिस्क हबवर नुसती बसते, मागे गंजाचा एक खपला राहिला तरी बाहेरच्या कडेला ती डुलते. डायल गेज (डुलणं मोजायचं घड्याळासारखं माप) लावून डुलणं ०.१० मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. लेथवर फेस मारून (तासून सपाट करून) घ्यायची झाल्यास मर्यादेत पुरेशी जाडी उरते का ते आधी बघा, आणि डिस्क नेहमी जोडीने. चाक बसवताना हवेच्या गनने एकेक नट धडाधड आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट, हाताच्या पान्याने, दोन टप्प्यांत. असमान आवळलेल्या नटांमुळे नवी डिस्कही डुलायला लागते.

मिस्त्रीने पुढची चाकं उघडली की मागचे ड्रमही उघडायला लावाच, पुरामुळे तर नक्की. मागे गाळ असेल, आपोआप जुळणारा अॅडजस्टर जाम असेल, तर मागचे ब्रेक अर्धे काम सोडून देतात आणि सगळं ओझं पुढे येतं. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर यायला लागला असेल तर ही खूण. पुढचे पॅड लवकर संपतात आणि दोष मागे असतो, असं बऱ्याचदा निघतं. धूळ मात्र हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. ड्रमच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) काय असेल सांगता येत नाही, ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायची.

आता खालची बाजू, म्हणजे ढिल शोधणं. गाडी जॅकवर घ्यायची तर सपाट, पक्क्या जमिनीवर. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही. घोडी (गाडी पेलणारा लोखंडी आधार) नसेल तर निदान स्टेपनी काढून पत्र्याखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी स्टेपनीवर बसते, माणसावर नाही.

चाक हवेत लटकलं की वर-खाली धरून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून, हलवायचं. ढिल हाताला लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर ढिल गेली, तर हबचं बेअरिंग, कारण ब्रेकने चाक आणि हबच्या मागचा भाग एकजीव झाला. ढिल तशीच राहिली, तर खालचा बॉल जॉइंट किंवा वरचं माउंटिंग. मग तीन आणि नऊला धरून हलवायचं. इथे फक्त आडवी ढिल असेल तर टाय रॉड एंड (रॅकमधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सांधा) किंवा रॅकच्या तोंडाचा आतला जॉइंट. दोघांत फरक करायला एका हाताने रॅकचा रबरी बूट चिमटीत धरायचा आणि दुसऱ्याने चाक हलवायला लावायचं. आतला जॉइंट गेलेला असेल तर बुटाच्या आत दांडा ठकठक करताना बोटांना कळतो.

रॅकवर अंदाजात मोठी रक्कम आहे, म्हणून सांगतो. तुमच्या स्विफ्टचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. रॅकमध्ये दाबाचं तेल नाही, त्यामुळे ‘रॅक लीक’ हा प्रकार या गाडीत नसतो. रॅक बदला असं कोणी म्हटलं तर ढिल नेमकी कुठे आहे ते हातात दाखवायला सांगा. पुष्कळदा बाहेरचा टाय रॉड एंड किंवा आतला जॉइंट एवढंच बदलून भागतं. फाटलेला बूट मात्र लगेच बदलायचा, नाहीतर चांगला रॅक पावसाळ्यात गंजतो.

बॉल जॉइंट बघताना एक लक्षात असू द्या. अशा पुढच्या सस्पेन्शनमध्ये गाडीचं वजन शॉकअपवरून थेट वर जातं, खालच्या बॉल जॉइंटवर ते बसत नाही. त्यामुळे जॅक लोअर आर्मखाली लावू नका, बॉडीच्या जागेवर लावा, चाक लटकू द्या. मग टॉमी (लांब लोखंडी पहार) आर्म आणि नकलच्या (हब धरणाऱ्या भागाच्या) मध्ये घालून हळू उचकटायचं. बॉल जॉइंटच्या बुटाकडे नजर ठेवायची. वर-खाली खट्ट हललं की तो गेला. इथे थांबायचं नाही, कारण हा सुटला तर चाक आडवं पडतं. लिंक रॉड उलटा: तो चाकं जमिनीवर असताना, गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर असताना हाताने हलवून बघायचा. शंका राहिलीच तर दोन्ही लिंक रॉड काढून त्याच रस्त्यावर गावातल्या वेगात एक फेरी मारायची. आवाज गेला की उत्तर मिळालं.

लोअर आर्मचा मागचा बुश बघायला टॉर्च आणि टॉमी लागतात. गाडी जमिनीवर असताना रबरात बारीक चिरा दिसतील, त्यावर घाबरू नका. पंधरा वर्षांच्या रबराला चिरा असतातच. टॉमीने आर्म पुढे-मागे ढकलल्यावर मधली नळी रबरातून सुटून हिसका देत हलली, तर बुश फाटला. दुसरी खात्रीची पद्धत म्हणजे एकाने आत बसून, गाडी चालू करून, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये इंच-इंच पुढे-मागे करत ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभं राहून चाक मडगार्डमध्ये मागे-पुढे किती सरकतं ते बघायचं. चांगल्या बाजूशी तुलना केली की फरक लपत नाही.

बुश किंवा अख्खा आर्म बसवताना होणारी चूक मी स्वतः केलेली आहे. शिकत होतो तेव्हाची गोष्ट. गाडी घोड्यांवर, चाकं लटकलेली, आणि मी आर्मचे बोल्ट तसेच पूर्ण आवळले. काम झालं, आवाज गेला, मालक खूश. पावसाळा संपायच्या आत तेच गृहस्थ तीच ‘टक’ घेऊन परत आले. नवे बुश फाटले होते. वस्तादांनी मला खाली झोपवून दाखवलं: या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लटकलेल्या अवस्थेत बोल्ट आवळला की गाडी खाली टेकताच रबर पिळून बसतं आणि कायम पिळलेलंच राहतं. त्या गृहस्थांचं काम आम्ही पैसे न घेता परत केलं, पण त्यांची ती दोन महिन्यांची अडचण मला अजून आठवते. म्हणून बोल्ट नुसते लावायचे, गाडी चाकांवर खाली घ्यायची, पुढून दोन-चारदा दाबून बसवायची, आणि मग शेवटचं आवळायचं. खड्डा किंवा रॅम्प नसेल तर चाकाखाली लाकडी ठोकळे घेऊन करता येतं. तुमचा मिस्त्री हे करतो का, एवढंच विचारा. उत्तरावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

शॉकअपबद्दल थोडक्यात. गाडी कोपऱ्यावर दाबून सोडायची चाचणी फार गेलेला शॉकअपच पकडते. नळीवर नुसती धूळ चिकटलेली ओलसर झाक चालते. तेल ओघळून स्प्रिंगच्या वाटीपर्यंत आलेलं असेल, किंवा टायरच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खोलगट भाग पडले असतील, तर शॉकअप गेला, आणि मग दोन्ही बाजूंचे बदलायचे. यातलं काहीच नसेल तर तुमच्या यादीतला तो सगळ्यात मोठा आकडा आज तरी खोडा.

राहिला टायर. गाडी उभी करून तळहात टायरच्या खोबणींवरून आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचलं, तर टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडलाय. फाटलेल्या बुशमुळे आर्म सरकत असेल तर टो रोजच बदलत असतो, म्हणून त्या अवस्थेत अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया. पुढच्या चाकांना या गाडीत जुळवायला टो एवढाच असतो. सगळी ढिल काढल्यावरही मशीनच्या कागदावर डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून पाहता चाक आत-बाहेर किती झुकलंय तो कोन) उजव्यापेक्षा बराच वेगळा आला, तर आर्म, नकल किंवा शॉकअपची नळी खड्ड्यात वाकलीय. टायर मागे-पुढे करून ती गोष्ट झाकू नका.

ब्रेक ऑइल कधी बदललं हे तुम्ही लिहिलं नाहीत. आठवत नसेल तर बदला. ते हवेतली ओल पितं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम, ओल पिऊन मुरलेलं १४० पर्यंत. डॉट ४ चे हेच किमान आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांच्या वर ठेवू नये. लांब घाटात ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम तळाला जातं.

कामाचा क्रम मिस्त्रीला असा सांगा. आधी चारही चाकं उघडून ब्रेक: पिना, पॅड, डिस्कची मापं, मागचे ड्रम, ऑइल. मग ढिल शोधून जी हाताला लागेल तेवढीच वस्तू, पण आर्मचे बुश दोन्ही बाजूंचे एकदम. मग एक फेरी. आणि अलाइनमेंट अगदी शेवटी, कागदासकट. काढलेल्या जुन्या वस्तू पिशवीत घालून घरी आणा.

उजव्या बाजूचे दोन्ही पॅड निघाले की ते शेजारी-शेजारी ठेवून फोटो पाठवा. आतला कुठला आणि बाहेरचा कुठला ते पत्र्यावर खडूने लिहायला विसरू नका. सोबत दोन्ही पिनांचा एक फोटो, पुसायच्या आधीचा.